चारची हजेरी

१

“साठ लिटर म्हणजे नुसतं पिण्याचं,” मी म्हणाले. “तुझी चहाची किटली, तोंड धुणं, गाडीचं रेडिएटर, हे सगळं त्याच्या वर.”

“चाळीस पुरतं, हेटी. मी उंट नाही.”

“उंट असतीस तर मी काही बोलले नसते. उंटांना तिकडे काही होत नाही.”

डल्सीनं पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि नळाखाली धरून पुन्हा भरला. तो चौथा होता. मी मोजत होते, कारण भांडताना मला काहीतरी मोजायला लागतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यावर चहाचा डबा, एकावर जॅमची बाटली, एकावर क्लेमची जुनी पक्कड, चौथ्यावर माझं कोपर. ते उचललं की नकाशा आपणहून गुंडाळला जायचा. मंगळवारची दुपार, साडेचार वाजलेले. जुलैचं, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्याचं ऊन खिडकीतून आडवं येऊन नकाशावरच्या मिठाच्या तळ्यावर पडलं होतं आणि कागदाचा तो पांढरा भाग खरंच चमकत होता. वर पत्रा निवताना टक-टक करत होता.

“वेळेवर पान मिळालं तर चाळीस पुरतं,” डल्सी म्हणाली. “लिही ना माझं पान.”

“लिहिणार नाही.”

“बरं. गुरुवारी सकाळी सहाला मी निघते. पान असलं तर नऊ दिवसांत परत. नसलं तर येईन तेव्हा येईन.”

“आणि नाही आलीस तर?”

“तू आहेसच की हजेरी घ्यायला.”

तिनं हे हसत म्हटलं. माझी धाकटी बहीण आहे ती, एकाहत्तर वर्षांची, माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिचं हसणं कुठे संपतं आणि चावणं कुठे सुरू होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

पानाचं प्रकरण असं. शाळेच्या निळ्या वहीत तिनं जायची वाट लिहिली होती, एकेका दिवसाला एक मुक्काम, सहा दिवसांची. सहाव्या दिवसानंतर आल्या वाटेनं परत फिरता येत नाही. वाळूचे डोंगर एका अंगानं उतरते असतात, दुसऱ्या अंगानं भिंतीसारखे. एकदा पलीकडे उतरलं की मिठाच्या तळ्याला मोठा वळसा घालूनच घरी यायचं. तो वळसा तिला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि ते पान मी लिहायचं असं आमचं ठरलं होतं.

मोठेपणी मी त्या वाटेवर कधी गेलेले नाही. पण एकतीस वर्षं ती वाट रोज दुपारी चार वाजता माझ्या कानात येऊन बसली आहे. तिचं एकेक वळण मी ऐकून ओळखते. तेव्हा ते पान कोरं राहिलं तर डल्सीला कुठेच जाता येणार नाही, असा माझा हिशेब होता. आठ दिवसांपूर्वीपर्यंत तो बरोबर होता.

२

मी सहावीत शाळा सोडली. रेडिओ मी तीन बिघडलेले रेडिओ उघडून आणि एक पुस्तक फाटेपर्यंत वाचून शिकले. शहरातून दोन इंजिनिअर आमच्या गावात रेडिओचा उंच खांब उभारायला आले होते, त्यांची तार उलटी जोडली आहे हे मी त्यांना चहा देता देता सांगितलं. ते रागावले, मग वर चढले, मग खाली उतरून त्यांनी दुसरा चहा मागितला. माझ्या कानाबद्दल या मुलखात कोणी दोन शब्द बोलत नाही.

आमच्या अंगणाच्या टोकाला पत्र्याची खोली आहे, तिच्यात रेडिओ. वाळूत गेलेल्या प्रत्येक गाडीला आमचं रेडिओ मंडळ एक नंबर देतं. दुपारी चारला मी यादी वाचते. नंबर उच्चारला की तिकडून उत्तर येतं: कुठे आहे, तब्येत कशी, पाणी किती. मी लिहून घेते. मोबाइल तिथे चालत नाही, आणि नव्या उपकरणांची बॅटरी संपते तेव्हाही लोक शेवटी माझ्याकडेच येतात.

नियम दोनच. यादी वाचून झाली की मी एक मिनिट पूर्ण गप्प बसायचं. त्याला आम्ही कान देणं म्हणतो. ज्यांची बॅटरी मरत आलीय, ज्यांचा आवाज लांबून गाळून-गाळून येतो, त्यांच्यासाठी ते मिनिट. आणि दुसरा नियम, माणूस स्वतः ‘पोचलो, नाव काढा’ म्हणेपर्यंत यादीतलं नाव खोडायचं नाही.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी यादीत अकरा गाड्या होत्या. अकराही बोलल्या. मग मी कान दिला.

त्या मिनिटात रेडिओतून जो आवाज येतो तो मला आवडतो. तव्यावर काहीतरी हळू परतलं जातंय असा, आणि त्याच्या खूप मागे समुद्र. समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर आहे. त्या परतण्यातून एक बाई बोलली.

“सात-सात-तीन. कुंपणाचं फाटक. तब्येत ठीक. पाणी साठ.”

आवाज धुऊन-धुऊन विरलेल्या कापडासारखा होता. मी पेन्सिल टेकवली आणि तशीच थांबले. सात-सात-तीन यादीत नव्हता. तो नंबर मंडळानं वीस वर्षं कुणाला दिलेला नाही.

मी उत्तर दिलं नाही. एकदा उत्तर दिलं की गाडी यादीत येते, आणि यादीत आली की तिला तीच बाहेर काढू शकते. कुणीतरी नंबर चुकीचा बोललं असेल, असं म्हणून मी रेडिओ बंद केला. माझं म्हणणं मला पटलं. मी चहा टाकला.

३

सात-सात-तीन क्लेमचा नंबर. क्लेम म्हणजे डल्सीचा नवरा.

तो फार्मच्या बोअरवेलचे पंप दुरुस्त करायला एकटा उत्तरेला जायचा. वीस वर्षांपूर्वी गेला, तेव्हा सहाव्या दिवशी त्याच्या गाडीचा आस मोडला आणि रेडिओही बंद पडला. तो गाडी सोडून चालत निघाला नाही, इतका शहाणा होता. सावली करून गाडीपाशी बसून राहिला, कारण चारला कुणीतरी नाव घेईल आणि उत्तर आलं नाही की शोधायला निघेल, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच दुपारी, कान देण्याच्या मिनिटात, मला तुटक आवाज आला. “सात... तीन... पोचलो, नाव काढा.” मधला आकडा खरखरीत बुडाला. मी सात ऐकला. तो एक होता. सात-एक-तीन, शहरातून आलेलं कुठलंसं जोडपं, सुखरूप घरी पोचलेलं. मी क्लेमचं नाव खोडलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा नंबर उच्चारला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी डल्सी दारात येऊन म्हणाली, “क्लेम पोचला म्हणालीस, मग तो आहे कुठे?”

तीन दिवस. विमान गेलं तेव्हा गाडी लगेच दिसली. डॉक्टर म्हणाला, आदल्या दिवशीपर्यंत जिवंत असावा. चौकशीत ठरलं की हवेचा दोष. हवेला त्यांनी दोषी ठरवलं आणि कागदावर सही केली. मीही केली.

डल्सी माझ्याकडे राहायला आली. वीस वर्षं आम्ही एका छपराखाली राहतो, एका किटलीतला चहा पितो. त्या तीन दिवसांबद्दल तिनं मला एक शब्द विचारलेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या, मला ते जमतं. तिनं काहीच दिलं नाही.

मग या जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की सप्टेंबरात तिचं लायसन्स संपलं की तो नव्यावर सही करणार नाही. ती घरी आली, शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली आणि म्हणाली, “एकदा ती जागा बघून येते. माझ्याच हातानं चालवत.”

तीच गाडी. क्लेमची. ट्रकवर घालून परत आणलेली, पांढरी, दारावर काळ्या रंगात सात-सात-तीन.

४

गॅरेजवाली ब्रॉनी महिनाभर आमच्या शेडमध्ये येऊन त्या गाडीत डोकं घालून होती. बुधवारी मी तिच्याकडे गेले, कारण मंगळवारी तो आवाज पुन्हा आला होता. “सात-सात-तीन. हूपरची टाकी. तब्येत ठीक. पाणी पंचावन्न.” कुंपणाचं फाटक, मग हूपरची टाकी. डल्सीच्या वहीतला पहिला मुक्काम, मग दुसरा.

मला वाटलं, डल्सी शेडमध्ये बसून गाडीच्या रेडिओवरून माझी गंमत करतेय. अशी गंमत करणारी बाई ती नव्हे, पण माणूस शेवटी काय करेल सांगता येत नाही.

“गाडीतला रेडिओ?” ब्रॉनी गाडीखालून म्हणाली. “मिसेस, त्यात उंदरांनी तीन बाळंतपणं केलीत. तो बघा, बाकावर पडलाय. नवा येईल पुढच्या बुधवारी.”

बाकावर तो होताच. तारा तोडलेल्या, आत गवत.

“चालेल ना गाडी?”

“गाडी चालेल. गाडीत बसणारीला घेऊन या, तिचंही ऑइल बघते.” मग ती बाहेर सरकली, हात पुसले. “तुम्ही जाताय ना सोबत? गावात सगळे तेच धरून बसलेत.”

“गावाला दुसरं काम नाही,” मी म्हणाले.

त्या दुपारी चारला आवाज तिसऱ्या मुक्कामाचं नाव घेऊन गेला. मी वहीशी ताडून पाहिलं. मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला लाज वाटत नाही. कुठलाही शहाणा माणूस तेच करेल. डल्सी बाहेर कपडे वाळत घालत होती. मी वही उघडली, चौथ्या मुक्कामाचं नाव ‘पडकं स्टेशन’ रबरानं पुसलं आणि तिच्या अक्षराची नक्कल करून ‘तीन गमची झाडं’ लिहिलं. ही निलगिरीची झाडं वाटेपासून पाऊण तास आत आहेत. तिथे कुणी जात नाही. नाव फक्त मला माहीत, एका म्हाताऱ्या गुराख्यानं एकदा रेडिओवर सांगितलेलं.

गुरुवारी अकरा गाड्या बोलल्या. मी कान दिला. तव्यावरचं परतणं. समुद्र.

“सात-सात-तीन,” बाई म्हणाली, आणि या वेळी ती दमलेली होती. “तीन गमची झाडं. कुणीतरी वाट वाकडी केली. पाणी बेचाळीस.”

संध्याकाळी जेवताना डल्सीनं चॉप कापता कापता हात झटकले. “खांदे भरून आलेत माझे. काय झालंय कुणास ठाऊक. दुपारी खुर्चीत डोळा लागतो ना, तेवढ्यात मी गाडी चालवत असते. आज तर नुसते खड्डेच खड्डे. वाट सोडून कुठेतरी आतच शिरले.”

“मग चालवू नकोस झोपेत,” मी म्हणाले.

“झोपेत डोळे छान आहेत गं माझे,” ती म्हणाली. “लांबचं सगळं दिसतं.”

जेवण झाल्यावर मी शेडमध्ये गेले. मी स्वतः भरलेले आणि झाकणं पिळून बंद केलेले वीस लिटरचे तीन कॅन गाडीच्या मागे ठेवले होते. मी त्यांत मोजपट्टी घातली. एकाच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. दुसरा भरलेला. तिसराही. खाली जमीन कोरडी, धूळ जशीच्या तशी.

गळती कुठे तरी असणारच. मी कॅन उलटे करून पाहिले. मग सुलटे करून ठेवले आणि झाकणं पुन्हा पिळली.

५

डल्सी रोज दुपारी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत झोपते. साडेतीनला पांघरूण घेते, सव्वाचारला उठते. वीस वर्षं हाच क्रम. मी त्या वेळी पत्र्याच्या खोलीत असते, त्यामुळे मी तिला दुपारी झोपलेली कधी पाहिलेलीच नाही. हे मला शुक्रवारी सुचलं, आणि इतक्या वर्षांत सुचलं नाही याचं नवल वाटलं.

शुक्रवारी मी रेडिओच्या स्पीकरला लांब तार जोडली आणि स्पीकर अंगणाच्या मधोमध एका बादलीवर ठेवला. यादी भरभर वाचली. मग कान देण्याचं मिनिट सुरू झालं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते मिनिट खोलीबाहेर येऊन घेतलं.

अंगणात ऊन पसरलं होतं, दुधात हळद घातल्यासारखं. तारेवर गुलाबी काकाकुव्यांची रांग बसली होती आणि एकही ओरडत नव्हता. बादलीवरून ती खरखर येत होती. उघड्यावर ती वेगळीच वाटली, वाळूवरून वारा जातोय अशी. मी व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

डल्सी झोपली होती. तोंड मिटलेलं, मान किंचित पुढे. पांघरुणावर तिचे दोन्ही हात होते, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, बोटं अर्धी वळलेली. ते मांडीवर टेकलेले नव्हते. मांडीच्या जरा वर, हवेत होते, आणि बारीक थरथरत होते. खडबडीत वाटेवर स्टिअरिंग धरलेले हात थरथरतात तसे.

“सात-सात-तीन,” माझ्या पाठीमागे स्पीकर म्हणाला. डल्सीचे ओठ हलले नाहीत. “लांब उतार. तब्येत ठीक. पाणी छत्तीस.”

मी तिला हाक मारायला तोंड उघडलं.

“समोरून गाडी येतेय,” स्पीकर म्हणाला. “पांढरी. आपल्यासारखीच.”

आमच्याकडे एक रीत आहे. उत्तरेच्या वाटेवर दिवस-दिवस कुणी भेटत नाही, म्हणून समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता पहिलं बोट तेवढं वर करायचं. ओळख असो नसो. ते बोट म्हणजे राम राम आहे आणि मी तुला पाहिलं अशी साक्षही आहे. पुढे त्या माणसाचं काही झालं तर सांगता येतं की अमक्या ठिकाणी दिसला होता.

डल्सीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट हळूच वर आलं. जरा वेळ तसंच राहिलं, धूळ बसेपर्यंत गाडीत थांबावं तेवढा वेळ. मग खाली गेलं. ती झोपेत हसली. तसं हसताना मी तिला वीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

मिनिट संपलं होतं. काकाकुवे एकदम उडाले. मी आत जाऊन रेडिओ बंद केला, तार गुंडाळली आणि बादली जागेवर ठेवली. ती उठली तेव्हा मी तिला चहा दिला आणि फ्रूटकेकचा तुकडा. तिनं केक बाजूला सारला आणि म्हणाली, “आधी पाणी दे.”

६

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तिनं सहाव्या दिवसाची जागा भरली. तोवर तिथे नुसता एक आकडा होता, बोअरवेलचा नंबर. तिनं तो खोडला आणि पेन्सिलीनं लिहिलं, आईची न्हाणी.

“हे नाव कुणाला कळणार आहे?” मी विचारलं.

“तुला.”

ते खरं होतं. आम्ही लहान असताना वडील त्या बोअरवर कामाला होते. जमिनीतून वाफाळतं पाणी आपणहून वर यायचं, गंधकाचा वास असलेलं. अंगाला छान, पिण्याच्या कामाचं नाही. आई संध्याकाळी पत्र्याचा आडोसा करून त्यात बसायची आणि आम्हा दोघींना पाठ फिरवून उभं करायची. मी तेव्हा दहा वर्षांची, ती तीन. तिथून आम्ही आलो ते आलोच. नकाशावर तो नंबरच आहे. ते नाव जगात दोन माणसांना माहीत, आणि दोन्ही त्या टेबलाशी बसली होती.

क्लेमची गाडी तिथेच सापडली. हेही दोघींना माहीत होतं.

दुपारी आवाज म्हणाला, “सात-सात-तीन. आईची न्हाणी. पाणी तीस.” आणि थोडं थांबून, अगदी घरगुती आवाजात, “पत्रा अजून उभा आहे, हेटी.”

मी उत्तर दिलं नाही. अकरा गाड्यांपैकी कुणी तो ऐकला का, असं दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. सगळे म्हणाले की मिनिटभर छान शांत होतं.

त्या दिवशी, म्हणजे रविवारी, आवाज म्हणाला, “आईची न्हाणी. पाणी वीस.” सोमवारी, “आईची न्हाणी. पाणी बारा. पुढचं पान कोरं आहे.” शेडमधला तिसरा कॅन रोज खाली जात होता. मी तो दोनदा नळावर नेऊन भरला. सकाळी तो आवाजानं आदल्या दुपारी सांगितलेल्या आकड्यावर परत आलेला असायचा.

डल्सीचे ओठ फुटले होते. ती म्हणायची, थंडीनं. थंडी होती, खोटं का बोलू. तरी मी तिला मलम लावून दिलं आणि लावताना तिच्या पापण्यांत काहीतरी दिसलं म्हणून पुसलं. बारीक लाल वाळू होती. आमच्या गावची माती करडी आहे.

मी विचार केला तो असा. वही जाळली तर वाट संपेल, आणि वाट संपली तर वाटेवरची बाई कुठे जाईल? परत खुर्चीत येईल, की आहे तिथेच राहील? पान लिहिलं तर डल्सी गुरुवारी खरोखर निघेल, तिचे ते अर्धे डोळे घेऊन. पान नाही लिहिलं तर ती निघणार नाही. म्हणजे माझ्यासमोर बसलेली डल्सी निघणार नाही. दुसरीचं काय, ते मला कोणत्याच पुस्तकात शिकायला मिळालं नव्हतं.

आज मंगळवारी चारला अकरा गाड्या बोलल्या. मी कान दिला. खरखर इतकी बारीक होती की माझा श्वासच मला मोठा वाटला.

“सात-सात-तीन. आईची न्हाणी. पाणी पाच.” मग काही नाही. मग, “हेटी, ऐकतेस ना?”

माझा अंगठा बोलायच्या बटणावर होता. ते बटण मी एकतीस वर्षांत लाखदा दाबलं असेल.

मी रेडिओ बंद केला. मिनिटातले वीस सेकंद उरले होते.

७

तर ते साडेचार वाजलेले, आणि डल्सीचा चौथा पेला.

“तुला काय वाटतं, मी तिकडे मरायला चाललेय?” ती म्हणाली. “मला एक पत्रा बघायचाय आणि घरी यायचंय. येण्यासाठीच तर पान मागतेय. मरायचं असतं तर कोरं काय वाईट होतं?”

“मग मी येते सोबत.”

“तू?” ती हसली. “खांब उभारल्यापासून तू दहा मैलांवर गेली नाहीस कधी. तुला समोरून कुणी बोट दाखवलं तर तू खाली उतरून त्याचा नंबर विचारशील.”

“नंबर विचारणं हेच माझं काम आहे.”

“आहे ना. मग नीट विचारायचा.”

पत्रा टकटकायचा थांबला. वीस वर्षांत ती त्या तीन दिवसांच्या एवढ्या जवळ आली नव्हती. मला वाटलं, आता बोलेल, एकदाची सगळं बोलून टाकेल, आणि मला बरंच वाटलं असतं. ती मात्र नळाशी गेली आणि पाचवा पेला भरला.

मी वही ओढून घेतली. कोपर उचललं गेलं आणि नकाशा सळसळत गुंडाळला गेला, जॅमची बाटली लोळली, पक्कड खाली पडली. “ही वही चुलीत जाईल,” मी म्हणाले. “गाडीची किल्ली ब्रॉनीकडे जाईल. सप्टेंबरपर्यंत तू खुर्चीत बसून लोकर विणायची, आणि दुपारी झोपायचं नाही. झोप आली तर मला हाक मार. मी तुला जागी ठेवीन, गाणी म्हणेन, थोबाडीत देईन, पण तू झोपायचं नाहीस, डल्स.”

“झोपेचं काय मध्येच?”

मग मी सांगितलं. फाटक, टाकी, तीन झाडं, समोरून आलेली पांढरी गाडी, कॅन, सगळं. इतकं एका दमात मी कधी बोललेली नाही. तिनं पेला न हलवता ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. लांबून गाडी येताना दिसते आणि ती आपल्याकडेच येतेय हे आधीपासून माहीत असतं, तशी ती माझ्याकडे बघत होती. खिडकीतलं ऊन सरकून तिच्या हातांवर आलं होतं, आणि नखांच्या कडांत लाल रेघा होत्या.

“हा माझा कान आहे,” मी म्हणाले. “हा कान एकदा चुकला. पुन्हा चुकणार नाही. मी तिला उत्तर देणार नाही, पान लिहिणार नाही, आणि तू कुठेही जाणार नाहीस. बस, संपलं.”

डल्सीनं पेला टेबलावर ठेवला. वही माझ्या हातातून काढून घेतली, कोरं पान उघडलं, हातानं साफ केलं आणि त्यावर काही कण पडले ते फुंकरीनं उडवले. पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. तिचा आवाज विरलेला होता, धुऊन-धुऊन पातळ झालेला, आणि त्यात राग म्हणून नव्हता.

“मग लिही ना आता,” ती म्हणाली, “तीन दिवस झाले, हेटी, मी तिथे थांबलेय.”